हळदीकुंकवाला हिरवं दूध

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी मुंबईला जाऊन आले आणि परतले ती पक्की मुंबईकरीण होऊन. जाऊन आले म्हणजे काय, यजमान नोकरीपायी गावच्या इतर पुरुषांबरोबर एका खोलीत राहायचे, तिथे बायकोला जागा नव्हती. म्हणून गिरगावात थोरल्या बहिणीकडे, तिच्या पोरांच्या पायथ्याशी आठवडाभर अंग मुडपून झोपले. पण रत्नागिरीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना माझी मान अशी काही ताठ होती, की मागचा कंडक्टर म्हणाला, "बाई, मान आखडली काय? गरम मिठाने शेका."

माहेर माझं पावसचं. ओढलेल्या झावळ्या आणि वेचलेल्या सुपाऱ्या, एवढंच माझं शिक्षण. त्या पोरीला आज पाटावर समोर बसवावं आणि विचारावं, बाय गो, आठवडाभरात तुझ्या अंगात असं काय शिरलं होतं?

शिरलं होतं ते एक हिरवं दूध. बहिणीच्या शेजारणीने मला ते एका दुपारी पाजलं. मिंट मिल्कशेक म्हणायची त्याला ती. दूध, साखर, बर्फ आणि फडताळातल्या छोट्या हिरव्या बाटलीतले दोन थेंब. मिक्सर घरघरला, वर पुदिन्याचं पान तरंगायला लागलं, की झालं. जिभेला गार, नाकाला गार, आणि ग्लास धरायचा तोही करंगळी उचलून. मी तेव्हाच ठरवलं, की सुधारलेली माणसं हेच पितात आणि आपण आजवर जे प्यायलो ते सगळं गुरांचं.

यजमानांनी त्या खेपेला एक मिक्सर घेऊन दिला होता. तो मी मांडीवर घेऊन आले. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, जुन्या परकराचा अभ्रा शिवून घातला आणि फळीवर ठेवून दिला. चटणी पाट्यावर, डाळ पाट्यावर, मिक्सर आपला नव्या नवरीसारखा तोंड झाकून बसलेला. माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त होते. त्याला कोणी मोरी घासायला सांगत नव्हतं.

आता घरातलं तिसरं बाईमाणूस. नणंद. नात्याने मी वहिनी, पण वयाने त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. वन्संचं लग्न ठरत नव्हतं. उंची पुरुषासारखी, रंग काळा, आणि आवाज असा, की पडवीत पाठमोऱ्या उभ्या राहून बोलत असल्या तर टपालवाला बाहेरून म्हणायचा, "काका, पत्र आहे." येणारी स्थळं पोहे खाऊन जात आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवत. सासूबाईंनी पोरीला एकच शिकवण दिली होती. "पाहुण्यांसमोर तोंड उघडू नको. नाव विचारलं तर मी सांगेन. हसू आलं तर गालातल्या गालात हस, दात दाखवू नको." वन्सं गप्प बसायला इतक्या शिकल्या होत्या की कधीकधी घरात आहेत हेच विसरायला व्हायचं.

एकदा विहिरीवर रहाट ओढता ओढता त्या मला म्हणाल्या, "वहिनी, बिजवर चालेल, लंगडा चालेल, पण मला या घरातून जायचंय. आईच्या हाताखाली म्हातारी व्हायचं नाही मला."

एवढं काळीज उघडून दाखवलं बाईने. आणि मुंबईहून आलेली विदुषी काय म्हणाली? म्हणाली, "तुम्ही तोंडाला दुधाची साय लावून बघा." वन्संनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कळशी उचलून गेल्या. मला वाटलं, सल्ला पटला.

चैत्र आला. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असायचं. गौर झोपाळ्यात बसवायची, पुढे आरास मांडायची, आणि येणाऱ्या बायकांना आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. त्या वर्षी शेजारच्या काकूंकडे लांज्याहून एक बाई येऊन राहिल्या होत्या. त्यांच्या भाच्याचा लांज्याला काजूचा छोटा कारखाना होता. त्याची आई लहानपणीच गेलेली, या आत्यानेच त्याला वाढवलेला, आणि आता आत्या त्याला मुलगी बघत होती. ती हळदीकुंकवाला "सहज" येणार होती. सहज म्हणजे काय ते आळीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मुलगी पसंत पडली तर ठरवायचं, नाही पडली तर डाळ खाऊन जायचं, नकार द्यायचा त्रास नाही आणि घ्यायचाही नाही.

असा प्रसंग आला की आमच्याकडे एक रीत असायची. घरात जे म्हणून दिसेल ते मुलीने केलेलं असतं. दारातली रांगोळी मुलीची, तोरण मुलीने विणलेलं, लोणचं मुलीने घातलेलं. आमच्या दाराचं मण्यांचं तोरण तर समोरच्या घरातल्या मुलीने विणलं होतं. तिचं स्थळ आलं की ते तिच्या दारावर जायचं आणि आमचं आलं की आमच्या. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, "आज या घरात जे शिजेल ते हिनेच केलंय. तू नुसती वाढायला आहेस. कळलं?"

मला कळलं, पण झोंबलं. कारण त्या दिवशी मी घरच्या रांधण्याला हातभार लावून शिवाय इतिहास घडवणार होते.

"आई," मी म्हटलं, "पन्ह्याबरोबर आपण ते हिरवं दूध करूया. मुंबईत सणाला करतात." हे मी तिथल्या तिथे रचलं होतं.

"दारात हापूस लोळतोय आणि ही गवताचं दूध करते," सासूबाई हरभरे निवडत म्हणाल्या.

"लांज्याची माणसं मुंबईला माल धाडतात. त्यांना वाटेल, मुलगी आजच्या काळातली आहे."

हे मात्र लागलं. सासूबाईंचा हात सुपातच थांबला. लेकीच्या लग्नापायी त्या तेव्हा कशालाही तयार होत्या. एका बैराग्याच्या सांगण्यावरून त्यांनी महिनाभर वन्संना अळणी जेवायला घातलं होतं. त्यापुढे माझं दूध म्हणजे काहीच नाही.

"कर," त्या म्हणाल्या. "पण बिघडलं तर तुझं तोंड त्यात बुडवीन. आणि गौरीला नैवेद्य दाखवल्याशिवाय थेंब जिभेला लावायचा नाही."

"थोडा बर्फ आणायला सांगू का मामंजींना?"

"कुठला? बंदरावरचा? माशांच्या उरावरचा काढून आणून माझ्या गौरीला देणार तू?"

बर्फ राहिला. दूध तापवून, साखर घालून, कळशीत भरून मी विहिरीत सोडलं. पुदिना न्हाणीच्या सांडपाण्यावर पसरलेला होता तो ओंजळभर खुडला. प्रश्न उरला त्या हिरव्या बाटलीचा. त्यात काय होतं हे मी शेजारणीला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मला माहीत नाही हे तिला कळलं असतं. वास मात्र नाकात बसला होता, आणि तो पिपरमिंटचा होता. म्हणून मी काष्ठौषधीच्या दुकानात गेले आणि पिपरमिंटचं फूल मागितलं. काचेच्या सुयांसारखे खडे असतात ते. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "कपाळाला लावायला ना?" मी "हो" म्हटलं. त्याला मिल्कशेक समजावत बसण्याइतका वेळ मुंबईच्या माणसाला कुठे असतो?

घरी आले, मिक्सरचा अभ्रा काढला, पुदिना आणि थोडं दूध घालून फिरवलं. झाकण नीट बसलं नव्हतं. पहिला फवारा भिंतीवर गेला, दुसरा माझ्या कपाळावर. भांड्यात उरलं त्याचा रंग उन्हाळ्यात तळाला गेलेल्या डबक्याचा. शेजारणीचं दूध पोपटी होतं, माझं शेवाळी. मग मी खडे घातले. आधी चिमूट. वास घेऊन पाहिला, पुदिन्याचाच. आणखी चिमूट. चाखायची तर सोय नव्हती, नैवेद्य व्हायचा होता. आता शहाणी बाई तिथे थांबली असती. पण माझा विचार असा, की पुडीत एवढं बांधून दिलंय म्हणजे तेवढं लागत असणार. पुडी उलटी केली, कागद झटकला, आणि सगळं कळशीभर दुधात कालवून पुन्हा गार करायला विहिरीत सोडलं.

स्वयंपाकघरात डोळे चुरचुरायला लागले तेव्हा वन्सं दारात आल्या. नवी जांभळी साडी, अंबाडा, तोंडावर पावडरीचा थर, म्हणजे सासूबाईंनी जात्याच्या खुंट्याला चुना फासावा तशा दिसत होत्या. त्यांनी भांडं हुंगलं.

"वहिनी, हे कोणाच्या छातीला चोळायचंय?"

"तुम्हाला नाही कळायचं ते, वन्सं," मी म्हटलं.

चार वाजता बायका यायला लागल्या. लांज्याची आत्या आली ती बारीक, ताठ, नऊवारीतली, डोळे मात्र काजू पारखणाऱ्याचे. बसता बसता तिने तोरण पाहिलं, फरशी पाहिली, वन्संना टाचेपासून अंबाड्यापर्यंत पाहिलं आणि मग गौरीला नमस्कार केला.

सासूबाई सुरू झाल्या. तोरण हिचंच हो. आरास हिनेच मांडली. डाळ हिनेच वाटली, पाट्यावर बरं का, आमच्याकडे मिक्सर आहे पण हिला हाताचंच आवडतं. पन्हं हिचंच. प्रत्येक वाक्याला आत्या "बरं" म्हणत होती. वन्सं खाली मान घालून गालातल्या गालात हसत होत्या. ते हसू आहे की दाढ दुखतेय हे ओळखणं कठीण होतं.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि आतल्या आत जळत होते. त्या दिवशीची डाळ मी वाटली होती. ती गेली तर जाऊ दे. पण तबकात ग्लास मांडलेले, प्रत्येकावर पान, आणि हेही तिचंच होणार? गौरीला नैवेद्य दाखवून झाला. देवी बिचारी काही बोलली नाही. मी तबक घेऊन बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, "आणि हे मुंबईचं थंड दूध, हेसुद्धा आमच्या हिनेच..."

"हे मात्र मी केलंय," मी म्हटलं. "मुंबईला शिकले. वन्संना यातलं काही येत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा सगळा उन्हाळा मला त्या नजरेत दिसला. मी आपली करंगळी उचलून ग्लास वाटत सुटले. अशा वेळी माणसाला लाज वाटते म्हणतात. मला अभिमान वाटत होता. मूर्खपणाचं एक बरं असतं, त्यात मध्ये थांबून विचार करावा लागत नाही.

आत्याने मोठा घोट घेतला. उन्हातून आलेली बाई, तहानलेली. काकूंनी घेतला. मागून इतरांनी.

आधी काही झालं नाही. मग आत्याचे डोळे मोठे झाले. मग त्यांतून पाणी वाहायला लागलं, रडताना वाहतं तसं नाही, पन्हळीतून वाहतं तसं. काकूंनी तोंड उघडलं आणि ते मिटताच येईना. श्वास आत घेतला की घसा आणखी गार. एक बाई पदराने जीभ पुसत होती. कोणी म्हणालं, "दात घासल्यासारखं वाटतंय गो." कोणी म्हणालं, "दात पडल्यासारखं वाटतंय." कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी दणदणीत शिंक दिली आणि म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यापासून नाक चोंदलं होतं, मोकळं झालं. आणखी आहे काय?"

सगळ्यांचे हात पाण्याच्या तांब्याकडे गेले. तेवढ्यात एक आवाज आला.

"पाणी कोणी पिऊ नका."

झोपाळ्यातली गौरसुद्धा हलली असेल. वन्सं उठून उभ्या राहिल्या होत्या. "पाण्याने आणखी झोंबेल. तांब्या खाली ठेवा काकू, खाली ठेवा म्हणते ना. खिडक्या उघडा त्या. आणि तोंड मिटून नाकाने श्वास घ्या." काकूंनी तांब्या असा खाली ठेवला जसा शाळेतल्या पोराने खडू ठेवावा. वन्सं आत गेल्या, गुळाची ढेप घेऊन आल्या, वरवंट्याने फोडली आणि एकेकीच्या तळहातावर खडा ठेवत फिरल्या. "चावू नका. चघळा." बायका चघळत बसल्या.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. दुधाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पाहुण्यांनी तो आवाज ऐकला, याने त्या अर्धमेल्या झाल्या होत्या.

आत्याने डोळे पुसले, गूळ गालात सरकवला आणि माझ्याकडे वळली.

"कुठची गो तू?"

"पावसची."

"मग मधे मुंबई कुठून आली?"

बायका हसल्या, डोळ्यांतून पाणी गळत असताना हसल्या. मुंबई माझ्या मानेतून उतरली ती तेव्हा, सगळ्यांसमोर. काकू म्हणाल्या, "असू दे हो, संधिवाताला बरं आहे." आणि त्या दिवसापासून आळीत माझं नाव बामवाली वहिनी पडलं. सासूबाई वारल्या, आळीतली निम्मी माणसं गेली, नाव काही गेलं नाही.

मग आत्या सासूबाईंकडे वळली. "आवाज असाच आहे काय मुलीचा?"

"छे छे," सासूबाई म्हणाल्या, "जरा सर्दी झालीय पोरीला."

"सर्दी असती तर आज उतरली असती."

आत्याने वन्संना पुढे बोलावलं, समोर बसवलं, हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. घोड्याचे दात बघायचं तेवढं राहिलं.

"कारखान्यात बिया फोडायला बायका बसतात आमच्याकडे," आत्या म्हणाली. "मी पाठमोरी झाले की हात थांबतात, तोंडं चालू होतात. ओरडून ओरडून माझा घसा बसला. भाचा माझा गरीब गाय, त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नाही. मला हा आवाज पाहिजे."

मग सासूबाईंना वाटलं असावं, उरलेलंही सांगून टाकावं. "रंग जरा सावळा आहे हो पोरीचा."

"काजूच्या टरफलाचं तेल लागलं की तिथे सगळ्याच काळ्या होतात. आमच्याकडे गोरी आणली तर वर्षभरात वाया जाईल. ही आधीच तयार आहे." आत्याने गुळाचा दुसरा खडा तोंडात टाकला. "आणि या सुनेच्या हातचं खाऊन जगलीय, म्हणजे पोटही दणकट आहे."

वन्संना कोणी काही विचारलं नाही. त्या उठल्या आणि खणानारळाने आत्याची ओटी भरायला लागल्या. मी तोंडाकडे पाहिलं तर बाई दात दाखवून हसत होत्या, आणि दात चांगले होते. इतक्या दिवसांत मी ते नीट पाहिलेच नव्हते.

बायका गेल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, "बघा आई, शेवटी दुधानेच जमवलं."

"तुझ्या दुधाने गौर उठून चालली होती," त्या म्हणाल्या. "हात जोडून बसवलीय मी. ती भिंत पूस आधी." भिंत पुसली. डाग गेला नाही. मिक्सरला परत अभ्रा चढला आणि तो देवाच्या खोलीत कडीबंद झाला.

लग्न वैशाखातच उरकलं. नवरामुलगा खरंच गरीब गाय निघाला. सप्तपदीत वन्सं पुढे आणि तो मागे ओढला जात होता. बायका हसत होत्या, वन्संना त्याचं काही नव्हतं. जेवणं झाली, वरात लांज्याला निघायची वेळ झाली, जीप दारात आली. पोरी रडतात तशा वन्सं रडल्या नाहीत. आईच्या पाया पडल्या, वडिलांच्या पडल्या आणि मग माझ्यासमोर वाकल्या. नात्याने मी मोठी, वाकावंच लागतं. मी आपली आशीर्वादाला हात उचलून तयार. मनात म्हटलं, आता बाई कानात म्हणेल, वहिनी, तुमचे उपकार विसरणार नाही. माझ्या दुधावाचून हे घडलं नसतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

वाकलेल्या वन्संनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज बारीक करून म्हणाल्या, "वहिनी, मी सुटले. आता आई सगळी तुमची."

जीप वळणावरून गेली. मी तिथे दारात उभी राहिले, आणि ते वाक्य हळूहळू आत उतरायला लागलं. पहाटेचं पाणी आजवर वन्सं काढायच्या. पाट्यावर वाटायच्या त्या. कढी फाटली तर, दिवा विझला तर, मांजराने दूध सांडलं तर, सासूबाईंचा पहिला शब्द त्यांना जायचा. माझ्यापर्यंत येईतो त्याची धार गेलेली असायची. मी सून होते, पण मार खायला लेक होती. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा, त्याच्या पुढचे सगळे ऋतू मला एकदम दिसले आणि मी दाराची चौकट धरून हमसून हमसून रडले.

काकूंनी मला जवळ घेतलं. बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "नणंदेसाठी इतकी रडणारी भावजय मी पाहिली नाही हो." त्या सगळ्या डोळे पुसायला लागल्या.

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली. आधी सवयीने लेकीच्या नावाची. मग जरा थांबून माझ्या.